कोटा फरशी, बोअरचे पाणी आणि ओट्यावरचे तेल : घराच्या स्वच्छतेविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्या दुकानातून रिठा, धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) नेणारे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात, की या वस्तू निसर्गाला सोसणाऱ्या आहेत, तर घरात कुठेही वापरल्या तरी चालतील ना? तसे मात्र नाही. कोणता मळ कोणत्या पृष्ठभागावर बसला आहे, हे पाहूनच वस्तू निवडावी लागते.

इंदूरच्या बहुतेक जुन्या घरांत कोटा फरशी आहे. कोटा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्यावर कोणतेही आम्ल पडले, मग ते बाजारातले अ‍ॅसिड असो, व्हिनेगर असो की घरचा लिंबूरस, तरी दगड विरघळू लागतो, त्याची चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या जागी पुढे मळ अधिकच धरतो. संगमरवराच्या देव्हाऱ्याचेही तसेच आहे. संत्र्या-मोसंबीच्या साली आणि गूळ पाण्यात मुरवून केलेले बायोएन्झाइमही आंबटच असते, म्हणून तेही या दगडांवर वापरू नये. कोट्यासाठी रिठ्याचे पाणी उत्तम. पंधरा-वीस रिठे बिया काढून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी वीस मिनिटे उकळून गाळावेत आणि त्यातले वाटीभर पाणी बादलीत घालून फरशी पुसावी. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य तेलकट मळ सोडवते. हे पाणी टिकाऊ नसते, म्हणून थोडेच करावे व फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

आम्लाची खरी जागा नळ आणि बादल्यांवर आहे. ज्या घरांत नर्मदेच्या पाण्याबरोबर बोअरचे जड पाणीही वापरले जाते, तिथे स्टीलच्या नळांवर पांढरे थर बसतात. हे थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले सुती फडके अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवले आणि मग नळ स्वच्छ धुतला, की बहुतेक थर निघतो. खाली कोटा असेल तर ओघळ आधी अडवावा.

ओट्यावरील व चिमणीच्या जाळीवरील चिकट तेलाला मात्र धुण्याचा सोडा हवा : लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा. हातमोजे घालावेत, आणि हे पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नये, कारण ती काळी पडतात. खाण्याचा सोडा याहून सौम्य असून डाग पडलेले कप घासण्यास पुरतो. पितळेची समई चिंच-मिठाने उजळते, हे सांगण्याची गरज नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची पद्धत अलीकडे फार दिसते. आमच्या मते ती निरुपयोगी आहे, कारण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेस ओसरल्यावर उरते ते जवळजवळ खारे पाणी. दुसरे एक मिश्रण मात्र जिवावर बेतू शकते. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड किंवा कोणतेही आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. चुकून तसे झाले तर लगेच बाहेर पडावे आणि खिडक्या-दारे उघडी राहतील असे पाहावे. घरात कुणी आजारी असल्यामुळे जंतुनाशक लागले, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व स्वतंत्रपणे वापरावे. रिठा मळ काढतो, पण जंतुनाशकाची जागा घेत नाही.

या वस्तू घेण्यासाठी येताना रिकामे डबे-बाटल्या धुऊन, वाळवून आणल्यास आम्ही त्यांतच माल भरून देतो. घरात शिल्लक असलेले जुने अ‍ॅसिड मोरीत ओतू नये; शहरातील मोरीच्या पाण्याची वाट कान्ह नदीकडे आणि पुढे शिप्रेकडे जाते. बाटली घट्ट बंद करून, तिच्यावर नाव लिहून, दारी येणाऱ्या नगर निगमच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यासाठी द्यावी.