ब्रासिनोलाईडची बाटली नेताय? मग हे वाचून जा

बाटली हातात घेतली की बरेच जण विचारतात, हे स्टेरॉईड ना, आमच्या भाताला नि कलमांना कशाला? घाबरू नका. जिममधलं ते वेगळं, हे वाढीचं संप्रेरक झाड स्वतःच्या अंगात स्वतःच बनवतं, भात, कुळीथ, आंबा सगळेच, फक्त अगदी किंचित. १९७९ साली अमेरिकेत मधमाश्यांनी गोळा केलेल्या, मोहरीच्याच कुळातल्या पिकाच्या परागातून ते शोधून काढलं, दोनशे किलोच्या वर पराग वापरला तेव्हा कुठे थोडे मिलिग्रॅम हाती आले.

आपल्या शरीरातली स्टेरॉईडं बहुतेक करून पेशीच्या आत शिरून काम करतात, झाडात मात्र पेशीच्या पडद्यावरच बीआरआय१ नावाचं प्रोटीन बसलेलं असतं, ब्रासिनोलाईड त्याला चिकटलं की निरोप आत जातो. आत बीआयएन२ म्हणून दुसरं प्रोटीन एरवी वाढीचे जीन्स अडवून ठेवतं, निरोप आला की ते गप्प होतं आणि पेशी लांबायला लागतात.

भाताच्या तरव्यातलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, एक रोप उपटून बघा. पान जिथे वळून बाहेर पडतं तो सांधा दिसेल, तिथे याचा एक बारीक थेंब लावला तर पान बाहेर झुकतं, जपानातले शास्त्रज्ञ याची ताकद अशीच मोजायचे. ज्या भाताला हा निरोप नीट पोचतच नाही तो बुटका राहतो नि पानं ताठ उभी.

खाजणवाले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवाले, खूप विचारतात म्हणून सांगतो, ऊन, थंडी, खारं पाणी सोसायची ताकद याने वाढते असं प्रयोगांत दिसलंय, पण शेतातलं मीठ काही कमी होत नाही. बांध फुटला असेल तर आधी बांध घाला, भाताचं बियाणं पनवेल-३ सारखं खार सोसणारं घ्या, मग फवारणी. हे खतही नाही, शेणखत नि युरियाची जागा ते घेणार नाही. आणि आंब्याला घालतात ते कल्टार म्हणजे हेच असं समजू नका, कल्टार जिबरेलिन हे वाढीचं दुसरं संप्रेरक अडवून वाढ रोखतं, काम उलटं.

बाटलीत औषध फक्त ०.०४ टक्के असतं ते कमी वाटतं म्हणून दुप्पट ओतू नका हो, जास्त झालं तर मुळंच खुंटतात. लेबलवरचं प्रमाण घ्या, मिली मोजायचं माप काउंटरवर मागा, फुकट देतो.