कपाशीचं औषध शाळेत नको

शाळेच्या चौकटीला उधई लागली की गावात उपाय लगेच सापडतो. कोणाच्या तरी घरी कपाशीवर फवारून उरलेली बाटली असतेच. विदर्भातल्या गावशाळांना मोठा धोका आहे तो या उरलेल्या बाटलीचा. शेतात औषधाचा अंश ऊन-पावसाने हळूहळू नाहीसा होतो. वर्गात ऊनही नाही, पाऊसही नाही. तो फरशीवर, टाटपट्टीत टिकून राहतो. तिथेच मुलं बसतात आणि तेच हात तोंडात जातात. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं.

२०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं, आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं. असं विष जेवणात जाऊ नये म्हणून औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तेला-पाण्याला घेऊ नका; भोकं पाडून निकामी करा.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे खिचडीच्या तांदळाची खोली. सोंडे झाले की सल्फासची गोळी टाकली जाते. ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हवाबंद आवरणाखाली तो किडे मारतो. फटी असलेल्या खोलीत किडे वाचतात आणि वायू शेजारच्या वर्गात शिरतो. त्यावर उतारा नाही. ही गोळी शाळेत आणूच नये. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, जुना तांदूळ आधी संपवा. सोंडे दिसलेच तर चाळून सावलीत पसरा. कडक उन्हात तांदूळ तडकतो.

झुरळांना फवारा लागत नाही, फटीत जेलचे ठिपके पुरतात. डासांसाठी टाकी दर ७ दिवसांनी कोरडी करा, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. उधईसाठी फवारणी टळत नसेल तर इमारतीसाठी नोंदणी झालेलंच औषध, जाणत्या माणसाकडून, शनिवारी शाळा सुटल्यावर. आधी टाटपट्ट्या, भांडी बाहेर काढा, पाणी झाका. सोमवारी मुलं येण्याआधी खिडक्या उघडून फरशी ओल्या फडक्याने पुसा.

शेजारच्या वावरात फवारणी सुट्टीच्या दिवशी ठेवायला शेतकरीदादांना आधीच सांगून ठेवा.

मुलाला लाळ, घाम, उलटी सुरू झाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. लेबलवरच्या नावावरून डॉक्टर उपचार ठरवतात.