परसबाग, पेज आणि सकाळचा व्यायाम: किनारपट्टीवरील दिनक्रमाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर सध्या एक दिनक्रम आदर्श म्हणून सांगितला जातो: पहाटे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, फेरी किंवा सूर्यनमस्कार, परसातली ताजी भाजी आणि दुपारी भात, कुळथाची पिठी व सोलकढी. तो पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे, असे बहुतेक जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्याच्या तिन्ही अंगांचा इतिहास वेगवेगळा असून परसबागेची परंपरा तर मध्यंतरी बहुतेक घरांतून खंडित झाली होती.

जुन्या काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. मिरची पोर्तुगिजांच्या आगमनानंतर आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरीसारखे मसाले होते. १९४९च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, संपुष्टात येईपर्यंत कुळाच्या भाताचा मोठा हिस्सा खोताकडे जात असे, आणि उरलेल्या दाण्यांत वर्ष काढायचे तर पेज, नाचणीची भाकरी व सुकी मासळी यांवाचून गत्यंतर नव्हते. आज ज्याला साधा व सात्त्विक आहार म्हणतात, त्याचा बराचसा भाग अशा टंचाईतून आलेला आहे. व्यायामाचेही तसेच. सूर्यनमस्कारांचा शाळाशाळांतून प्रसार झाला तो १९२०च्या दशकापासून, औंध संस्थानातून. कोकणातल्या कष्टकरी घरात विहिरीचे पाणी ओढणे आणि डोक्यावरून कवळाचे (शेत भाजण्यासाठी तोडलेल्या डहाळ्यांचे) भारे आणणे यांनंतर वेगळा व्यायाम करण्याइतकी ताकद उरत नसे. २०१५पासून साजरा होणारा योग दिवस २१ जून रोजी येतो, म्हणजे नेमका भातलावणीच्या तोंडावर. ज्यांना त्या दिवशी चिखलात उतरायचे असते, त्यांना वाकण्याचे निराळे शिक्षण लागत नाही.

परसबाग मात्र खरोखरच जुनी. मोरीचे पाणी केळीला व अळवाला, शेणखत वाफ्यांना, आणि चुलीतली राख भाजीच्या पानांवर, मावा पडू नये म्हणून सकाळी दव असतानाच भुरभुरलेली, अशी तिची रचना होती. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी. भात कापल्यावर विहिरीजवळच्या मळ्यात लाल माठ, मुळा, चवळी, वाल. माठाची भाजी कांदा, मिरची व ओले खोबरे घालून केली जाई. बाकी मसाल्याची गरज नसे.

ही घडी मोडण्याच्या कारणांमध्ये १९९०च्या एका निर्णयाचा वाटा सर्वांत वादग्रस्त आहे. त्या वर्षी राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि खड्डे खणण्यापासून कलमे जगविण्यापर्यंतच्या खर्चाला अनुदान दिले. आधी ज्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारांवर नाचणी, वरी, हरीक होत असे, तेथे हापूस आणि काजू उभे राहिले. निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असल्यामुळे हे उतार आधीच ओसाड पडत चालले होते. १९८२च्या संपानंतर जे गिरणी कामगार गावी परतले, त्यांना निदान कलमांचा आधार मिळाला. हे खोटे नाही. परंतु या हिशेबात परसाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. आंब्याला मोहोर येतो आणि फवारण्या सुरू होतात, त्याच महिन्यांत हिवाळी भाजीला माणूस लागतो. कोवळ्या कलमांना पहिली काही वर्षे घालावे लागणारे पाणीही बहुधा त्याच विहिरीचे. नाचणी गेल्यावर तिचे काड गेले, कलमांना कुंपण पडल्यावर चरण्याची जागा आटली, गुरे कमी झाली आणि शेणखतही आटले. पुढे गॅस आला तेव्हा राखही संपली. फळबागेमुळे आलेला पैसा मोजता येतो, आणि म्हणूनच त्याची चर्चा होते. बंद पडलेल्या मळ्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या वादातली खरी त्रुटी तीच आहे.

दरम्यान कुंभार्ली, आंबा, फोंडा व आंबोली घाटांतून कोल्हापूर-बेळगावकडची भाजी उतरू लागली. आठवडा बाजारात कोबी, फ्लॉवर, टोमॅटो सहज मिळू लागल्यावर मांडव घालण्याचे कारणच राहिले नाही. २०२०च्या टाळेबंदीत घाटावरच्या गाड्या काही काळ रोडावल्या आणि चाकरमानी गावी येऊन राहिले, तेव्हा अनेक घरांत पुन्हा वाफे दिसले. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन ते दापोली पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या केल्या. मोकळ्या झालेल्या जागेत काहींनी, पोफळ उभी राहीपर्यंत म्हणून, भाजी लावली.

आजची परसबाग मुख्यतः निवृत्तांची आणि सुटीसाठी घर बांधलेल्यांची आहे. पूर्वी तिच्यावर राबणाऱ्या सासू-सुनांची जागा विजेच्या पंपाने व रोजंदारीच्या गड्याने घेतली आहे. माकडे आणि वानरे यांच्यामुळे मांडवाला जाळी लागते, तिचा खर्च भाजीच्या किमतीत कोणी धरत नाही. पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी निघून जाते आणि बऱ्याच विहिरी एप्रिलअखेर तळ गाठतात. त्यामुळे सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) घरांतून भाजी होळीपर्यंतच टिकते, आणि नंतरचे दोन-अडीच महिने तेथेही घाटावरचीच भाजी शिजते.