कळलावीचा कंद आणि सुजलेला अंगठा

पावसाळ्यात मेळघाटात, गडचिरोलीच्या जंगलाकाठी झुडपांवर कळलावी चढते. लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. गाऊट या सांध्यांच्या दुखण्याचा झटका येऊन पायाचा अंगठा रातोरात सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तेव्हा डॉक्टर जी जुनी गोळी देतात तिच्यात हेच द्रव्य आहे.

गावात या दुखण्याला सरसकट ‘वात’ म्हणतात. चरकसंहितेत मात्र याच्याशी बरंच जुळणारं वातरक्त वेगळं सांगितलं आहे. त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. आज ते नाव पटत नाही. कापूस वेचणाऱ्या मजुराचाही अंगठा सुजतो.

सहाव्या शतकात ट्रॅलेसचा वैद्य अलेक्झांडर कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचा कंद या दुखण्यावर देत असे. युनानी हकिमांचं सुरंजान त्याच जातकुळीचं. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी कोल्चिकममधून कोल्चिसीन वेगळं काढलं. पण सुजेमागचं कारण नीट दिसलं ते १९६१ मध्ये. मॅककार्टी आणि हॉलंडर यांना झटका आलेल्या सांध्याच्या पाण्यात युरेटचे, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक सापडले. पांढऱ्या पेशी हे स्फटिक गिळतात. मग इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज पेटवणारं द्रव्य बाहेर पडतं, ते आणखी पेशी बोलावतं आणि सूज वणव्यासारखी भडकते. पेशीच्या आत ज्या सूक्ष्म नळ्या बांधल्या जातात, त्या कोल्चिसीन बांधू देत नाही. पेशींची धाव मंदावते. स्फटिक मात्र जागेवरच राहतात.

वेदनाशामकांची वाट वेगळी. ती प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणि वेदना वाढवणारं द्रव्य तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. आपल्याकडे अंगठा ठणकला की डायक्लोफेनॅकची सुई घेतात आणि आराम पडतोही. पण वैशाखाच्या उन्हात अंगातलं पाणी आटलेल्या माणसाच्या किडनीला ती महागात पडू शकते, याची मला खरोखर धास्ती वाटते. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर बहुधा थोडे दिवस स्टिरॉइड देतात.

कोल्चिसीनची मात्रा उमगायलाही फार काळ गेला. पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी देत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्याच्या पहिल्या बारा तासांत दिलेल्या एकूण १.८ मिलिग्रॅमने ४.८ मिलिग्रॅमइतकाच गुण आला, जुलाब मात्र कितीतरी कमी झाले. कळलावीच्या कंदात किती कोल्चिसीन आहे हे घरी मोजता येत नाही. तो उगाळून घेतल्याने माणसं दगावली आहेत.