शाळेच्या कारभारात निवडून आलेली माणसे : पार्श्वभूमी

दर दोन वर्षांनी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत पालकसभा भरते आणि शाळा व्यवस्थापन समितीवर पालक निवडले जातात. मोठ्या गावात त्यासाठी पॅनेल पडते, लहान वस्तीवर हात वर करून काम भागते. निवडून आलेल्या या माणसाच्या हातात नेमके काय असावे, यावरचा वाद मात्र शंभर वर्षांचा आहे.

मुंबई इलाख्यातला शेतकरी शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी भरत असे आणि तिच्यातला वाटा शाळांना जाई. पैसा रयतेचा, शाळा सरकारी खात्याच्या. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे पुण्याहून गेलेल्या निवेदनात हेच दुखणे मांडले होते : पट्टी कुणबी भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जाती घेतात.

शाळा खऱ्या अर्थाने लोकांच्या प्रतिनिधींकडे आल्या त्या १९२३ च्या कायद्याने. लोकल बोर्डे (ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्था) आणि नगरपालिका यांची स्कूल बोर्डे शाळा चालवू लागली. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या त्यांच्या हाती गेल्या. निवडणुकीत कोणाचे काम केले यावरून बदली होते, अशा तक्रारी लवकरच वाढल्या. १९३८ च्या दुरुस्तीने बोर्डांचे अधिकार आखडले आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नवी घडी बसवली : मंडळ निवडून आलेले, पण त्याचा प्रशासन अधिकारी सरकारने नेमलेला. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या रचनेत आहे. ठराव मंडळाने करायचा, अंमलबजावणी अधिकाऱ्याने करायची आणि त्या अधिकाऱ्याची बढती-बदली मुंबईत ठरायची.

ग्रामीण भागात हा प्रश्न १९६२ मध्ये वेगळ्या रीतीने मिटला. जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा स्कूल बोर्डे गेली आणि शाळा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. विदर्भ आणि मराठवाडा वेगळ्या राजवटींतून आलेले, त्यांनाही हीच चौकट लागू झाली. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुले आजही जास्त दिसतात, ती त्या वेळच्या हस्तांतरामुळे.

शहरांत शिक्षण मंडळे, म्हणजे पालिकांची स्कूल बोर्डे, टिकली आणि खरी लढाई त्यांच्यावरून झाली. मंडळाचे सदस्य नगरसेवकांच्या मतांवर निवडून येत. सभागृहात ज्या पक्षाचे जितके बळ, तितक्या त्याच्या जागा. नगरसेवक नसलेल्या माणसालाही मंडळावर जाता येत असे. शिक्षणाची जाण असलेली माणसे यावीत म्हणून ठेवलेल्या या दारातून पुष्कळदा पालिकेचे तिकीट हुकलेले कार्यकर्ते आत आले. गणवेश, दप्तरे, बाके यांच्या खरेदीवरून आरोप होत राहिले. तरी मुलांच्या शाळेबद्दल, फक्त शाळेबद्दल, बोलणारे एक निवडलेले सभागृह शहरात होते. त्याला स्वतःचे अंदाजपत्रक होते, त्याच्या बैठकीत पटसंख्येवर वाद होत आणि गळक्या वर्गाची तक्रार घेऊन आलेल्या आईला भेटायला एक सदस्य असे.

२०१३ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ही मंडळे मोडली. कारण असे दिले गेले, की शिक्षण हक्क कायद्याने जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, तेव्हा मध्ये दुसरी सत्ता नको. युक्तिवाद कायद्याला धरून होता आणि खरेदीतल्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. पण खरेदी बिघडली असेल तर खरेदीचे नियम बदलता आले असते. निवडणूक वाईट होत असेल तर मतदार बदलता आला असता : नगरसेवकांऐवजी पालकांना मत देता आले असते. त्या पर्यायावर गांभीर्याने चर्चाच झाली नाही. विद्यमान मंडळांना मुदत पुरी करू दिली गेली. पुण्यातले मंडळ २०१७ पर्यंत चालले. त्यानंतर शाळा प्रशासनाच्या एका विभागाच्या झाल्या.

दरम्यान शाळेच्या पातळीवर दुसरी वाट तयार झाली होती. आधी गावोगाव ग्राम शिक्षण समित्या होत्या, सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सत्तेचे केंद्र पालकांकडे हलवले. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा. राज्याने अध्यक्षपद पालकाला दिले आणि मुख्याध्यापकाला सचिव केले. गावच्या सत्तेतला हा बदल लहान नव्हता. ज्या बाईने ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती शाळेच्या अनुदानाच्या खात्यावर मुख्याध्यापकांबरोबर सही करू लागली.

अधिकारांची यादी मात्र तोकडी आहे. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा. आराखडा समितीने करायचा, पण तो मान्य करून पैसे देण्याचे बंधन कोणावर, याबाबत वरचे कार्यालय सोयीने मौन बाळगते. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर समिती फक्त पत्र पाठवते. अनुदानित खासगी शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीने समिती केवळ सल्ला देणारी ठरली आणि विनाअनुदानित शाळांना ती लागूच नाही.

२०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समित्या रिकाम्या झाल्या, शहरांत मंडळे तर आधीच नव्हती. त्या वर्षांत कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा त्यांना अडवायला पुढे झाले ते पुष्कळ ठिकाणी शाळा व्यवस्थापन समित्यांवरचे पालक. ठराव करून, सह्या गोळा करून, तालुक्याच्या कार्यालयासमोर बसून. कायद्याने त्यांना त्या निर्णयात मत दिलेले नव्हते आणि ते आजही दिलेले नाही.