जीवशास्त्रातील मूलभूत संज्ञा

शालेय जीवशास्त्र समजण्यासाठी लागणारा शब्दसंग्रह. पेशी, परागण, फलन, रूपांतरण, सहजीवन या संज्ञा बहुतांशी संस्कृतातून घडवल्या आहेत. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या घरातल्या मुलांना त्या सुरुवातीला परक्या वाटतात. मात्र त्या ज्यांची नावे आहेत त्या गोष्टी विदर्भातल्या वावरात हाताशी असतात. त्यांतही पऱ्हाटीइतके, म्हणजे कापसाच्या झाडाइतके, सोयीचे झाड नाही.

पेशी हा सजीवाच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक. विदर्भात ‘पेशी’ म्हटले की घरच्या मोठ्यांना कोर्टाची तारीख आठवते, म्हणून हा शब्द आधी सोडवून सांगावा लागतो. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या, त्या सूक्ष्मदर्शकातून. कापसाची पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते. सरकीवरचा एक तंतू चिमटीत धरून ओढावा. हातात येते ती एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीतली ही पेशी बाहेर फुगते, तीनेक आठवडे लांबत राहते आणि मग तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात. अमेरिकन कापसात ती साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर भरते. बोंड फुटेपर्यंत आतले जीवद्रव्य वाळून जाते आणि पीळ पडलेली पेशीभित्तिका तेवढी उरते. हूकलाही बुचात मेलेल्या पेशींच्या भिंतीच दिसल्या होत्या.

परागण आणि फलन यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकावर, पोचणे हे परागण. परागकणातून निघणाऱ्या परागनलिकेतून आलेल्या नरयुग्मकाचे (नर जननपेशीचे) अंडपेशीशी मीलन होणे हे फलन. कापसाचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. फलनानंतर अंडाशयाचे बोंड होते आणि बीजांडांची सरकी. म्हणजे बोंड हे फळच, गावात त्याला कुणी फळ म्हणत नसले तरी.

रूपांतरण म्हणजे अंडी, अळी, कोष आणि पतंग अशी अवस्था बदलत होणारी वाढ. गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून जाळ्याने बांधते. अशा न उमललेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. ती उकलली की आत अळी सापडते. या किडीमुळे जनुक आणि प्रथिन हे शब्दही शेतकऱ्यांच्या घरात पोचले. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचे जनुक घातलेले असते; त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन बोंडअळ्यांना मारक ठरते. तरीही २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. ‘अळीला औषधाची सवय झाली’ असे तेव्हा सर्रास बोलले गेले, पण ते बरोबर नाही. सवय एकेका जिवाला लागते. इथे विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढत गेली. याला नैसर्गिक निवड म्हणतात, आणि ती शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही.

वाण आणि जाती या संज्ञाही वेगळ्या ठेवाव्यात: बियाण्याच्या पाकिटावर असतो तो वाण, एकाच जातीचे अनेक वाण असतात.

परजीवी दुसऱ्याच्या जिवावर जगतो, जशी पिकाला विळखा घालणारी अमरवेल. सहजीवनात दोघांचाही फायदा असतो. तुरीचे झाड हलक्या हाताने उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात आणि झाडाकडून अन्न घेतात. गाठ नखाने फोडून पाहावी: आतून गुलाबी असली तर ती काम करते आहे.