लुक्लाचा चढ

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या भाच्याने मला नेपाळमधल्या लुक्ला विमानतळाचा व्हिडिओ पाठवला. वर 'जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ' अशी पाटी, मागे भयपटाचं संगीत. खाली त्याचा प्रश्न, "मामा, एवढी तिरकी धावपट्टी कुणी बांधली रे?"

एडमंड हिलरींच्या पुढाकाराने 1964 साली बांधली. आणि तिरकी आहे म्हणूनच तिथे विमान उतरवता येतं.

धावपट्टी जेमतेम 527 मीटर. चढ शंभराला 11.7, म्हणजे वरचं टोक खालच्यापेक्षा साठेक मीटर उंच. वीस मजली इमारतच! विमानाच्या वेगाची ऊर्जा चढ चढण्यात खर्च होते. आता शाळेतलं सूत्र काढा : ½mv² = mgh. m दोन्हीकडून उडतो, उरतं v = √(2 × 9.8 × 60), सेकंदाला 34 मीटर, ताशी 123 किलोमीटर. या वेगाने खालच्या टोकाला टेकलेलं विमान ब्रेकला पाय न लावताही वरच्या टोकाशी थांबेल.

पण लुक्ला सुमारे 2850 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटच दाट. पंखांना तेवढीच उचल मिळायला वेग 15 टक्के जास्त लागतो. गंमत म्हणजे वेगमापक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून काटा 130 वर असताना विमान खरं 150 ने येत असतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जादा. तरीही त्यातली दोन तृतीयांश एकटा चढ गिळतो. बाकीची ब्रेक आणि उलटा जोर देणारे पंखे.

खरा घात डोळे करतात. चढती धावपट्टी समोरून उभी दिसते, वैमानिकाला वाटतं आपण फार वर आहोत, आणि तो नकळत खाली येतो. त्यात ढग आले की संपलं. 8 ऑक्टोबर 2008 ला धुक्यात ट्विन ऑटर जातीचं एक छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडेच डोंगरावर आदळलं. 18 जण गेले, एकटा वैमानिक वाचला. शेवटच्या क्षणी पुन्हा उडून फेरी मारावी, तर समोर डोंगराची भिंत.

2007 मध्ये नेपाळच्या सरकारी विमान कंपनीने बिघडलेल्या बोइंगसाठी दोन बोकड कापले होते. लुक्लाला बोकड नको, घड्याळ पुरतं. दुपारकडे खोऱ्यात वारा उठतो, म्हणून उड्डाणं बहुतेक सकाळीच आटोपतात. ढग असतील तर लुक्लाची विमानं जिथून सुटतात त्या रामेछापला पहाटे पोचूनही सामानावर बसून राहायचं.

भाच्याला एवढंच कळवलं, परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेव.